कमलबाईंचं गोड पाणी

गंगाखेडच्या खालच्या गल्लीत कमलबाईंच्या बोअरला बावीस वर्षं खारं पाणी होतं. त्यात तुरीची डाळ आठ शिट्ट्या झाल्या तरी दाण्यादाण्यानं उभी राहायची. कमलबाईंच्या जिभेलाही त्याच बोअरची चव आहे, असं शेजारच्या बायनाबाई सगळ्यांना सांगत.

यंदा पूर आला. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. ती दोन दिवस गल्लीत कमरेएवढी राहिली आणि ओसरली. चिखल उपसून कमलबाईंनी मोटर चालू केली, तर पाणी गोड. डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. कमलबाईंच्या बोअरमध्ये गंगा उतरली, ही बातमी दुपारपर्यंत स्टेशनापर्यंत गेली.

नगरपालिकेचा टँकर येत होता; पण त्याला औषधाचा वास, म्हणून बाया कमलबाईंच्या नळाला रांग लावू लागल्या. कमलबाईंना जन्मात पहिल्यांदा कुणी 'अक्का' म्हणालं. कुणाचा हंडा आधी, हे त्या खुर्चीत बसून ठरवू लागल्या. बायनाबाईसुद्धा दोन कळशा नेत आणि जाताना गोड हसत.

चौथ्या दिवशी आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती साक्षी हिनं तपासणीच्या बाटलीत ते पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली शाईसारखी काळी. बाटलीनं बोअरची दृष्ट काढली असं समजून कमलबाई खूश झाल्या.

साक्षी त्यांच्याजवळ बसली. "अक्का, गंगा न्हाई उतरली. नाली उतरली. संडासाच्या टाकीसकट."

बायनाबाईंना त्याच सकाळी जुलाबानं दवाखान्यात नेलं होतं.

कमलबाईंनी एकेकीला सांगून पाहिलं. पाणी गोड झालं तसा बाईला माज आला, असं रांगेतून ऐकू आलं. मोटर बंद केली, तर बाया हंडे पालथे घालून दारात बसल्या. मग त्यांनी गोणीभर खडेमीठ गच्चीवर चढवलं, टाकीत ओतलं आणि नळ सोडला.

पहिली बाई थुंकली. घटकाभरात रांग मोडली. 'अक्का' जाऊन पुन्हा 'कमळी' झाली.

तिसऱ्या दिवशी बायनाबाई दवाखान्यातून घरी आल्या आणि तडक कमलबाईंच्या मागच्या दारी. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "कमळे, लोकायला खारं देलंस, बरं केलंस. तुझ्यापुरतं गोड ठिवलं आसंलच की. तांब्याभर दे."

त्यांचे डोळे खोल गेले होते. टँकरचं, उकळून गार केलेलं पाणी कमलबाईंनी तांब्यात ओतलं.

बायनाबाई घटघट प्यायल्या. "जरा दवाखान्याचा वास यायलाय. पर गंगा ती गंगा."

"कुनाला सांगू नको," कमलबाई म्हणाल्या.

आठवड्यात मागच्या दारी नऊ बाया येऊ लागल्या. प्रत्येक जणी वेगवेगळ्या वेळी, पदराखाली भांडं लपवून. प्रत्येकीला वाटतं, हे फक्त आपल्यालाच मिळतं. कमलबाई पहाटेपासून पातेल्यावर पातेलं उकळतात. सिलिंडर पंधरा दिवसांत संपलं.