सलोमीमावशींनी मला मांडी घालून बसवलं

सलोमीमावशी कुणाच्याही गाडीत बसल्या, की आधी सगळ्यांना गप्प करत. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत आणि "हं, चल," म्हणेपर्यंत गाडी हलवायची सोय नसे. आता त्या नगरला बहिणीकडे असतात, पण तेव्हा फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहत. मानेसरच्या मोटार कारखान्यात इंजिनं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. निवृत्तीनंतरही तपासणी थांबली नव्हती, शेजारणीच्या कुकरची शिट्टी ऐकून त्या वरच्या मजल्याकडे ओरडत, "अगं, रिंग बदल!"

बाबांचं दिल्लीच्या हॉस्पिटलात हृदयाचं ऑपरेशन झालं. गाडी महिनाभर उभी राहणार म्हणून ऑफिसातल्या एकाच्या सल्ल्याने मी बॅटरीची वायर काढून ठेवली. बाबा बरे होत होते, पण त्यांनी बोलणंच टाकलं होतं. काही विचारलं तर मान हलवायची, एवढंच. त्याचीच मला जास्त भीती वाटे. घरी सोडायचं ठरलं तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "टॅक्सी नको. आपल्या गाडीतून ने." इतक्या दिवसांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

आदल्या सकाळी मी वायर जोडली. गाडी सुरू झाली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच बंद पडली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. करोल बागेतल्या ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "मॅडम, कंप्यूटर उड़ गया. नया लगेगा. हफ़्ता तो मान के चलो."

मी जिन्यात बसून रडायलाच लागले. गवारीची पिशवी घेऊन आलेल्या मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"अच्छा, म्हणजे वायर काढलीस! अगं, काही उडलेलं नाही. जुनी गाडी, हवेची वाट काजळीनं अरुंद झालेली. पाय काढल्यावर किती हवा सोडायची, हे इंजिनाच्या त्या कंप्युटरनं हळूहळू शिकून ठेवलं होतं. तू वीज तोडलीस, ते पुसलं गेलं. पुन्हा शिकेल."

"पण मावशी, उद्या बाबांना…"

"घाई तुला आहे, त्याला नाही. बस आत. एसी बंद, गाडी न्यूट्रलला, आणि सीटवर मांडी घाल, म्हणजे पाय पॅडलकडे जाणार नाही."

मी खरोखर मांडी घालून बसले. दोनदा इंजिन बंद पडलं. तिसऱ्यांदा धापा टाकत का होईना, चालत राहिलं. मावशी शेजारी गवार मोडत होत्या. माझा पाय शिवशिवला, की गुडघ्यावर टपली बसे. इंजिन तापलं, रेडिएटरचा पंखा फिरून थांबला, थरथर कमी झाली. मग एसी लावून तसंच बसायचं. मग सेक्टरच्या रस्त्यांवर फेऱ्या, कधी हळू, कधी जोरात. अखेर मावशींनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाबांना आणायला त्या सोबत आल्या, पुढे माझ्या शेजारी बसल्या. बाबा मागे, छातीशी उशी धरून, गप्प. बदरपूरजवळ लांबलचक लाल सिग्नल लागला. डोक्यावर ऊन, एसी सुरू, मागे ट्रक. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. इंजिन शांतपणे चालत राहिलं.

"मेधा!" मागून खणखणीत आवाज आला. "सिग्नलला गाडी बंद करायला शिकवलंय ना तुला? पेट्रोल काय फुकट येतं?"

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. आयुष्यात इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. बाबा मात्र थांबेनात. लेन चुकली, ब्रेक उशिरा दाबला, या रस्त्याने आणायची गरजच काय होती, असं घरापर्यंत चाललं होतं. आणि प्रत्येक सिग्नलला सलोमीमावशी हात लांबवून मुकाट्याने किल्ली फिरवून इंजिन बंद करत होत्या.