सगळ्यांचे नाव घेणाऱ्या वत्सलाअक्का

वत्सलाअक्कांची आणि माझी पहिली भेट घडवली ती एका फाटक्या ढोलकीने. धुळ्यात आमचे ढोलकी-तबले मढवण्याचे पिढीजात दुकान. एका दुपारी सोनगीरहून आलेल्या एका बाईंनी तोंडावरच्या कातड्याची पुडी फाटलेली ढोलकी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, सांजले हळद शे. तवलोंग व्हई का?" सांजेच्या आत होईल म्हणत नवी पुडी चढवून मी ठेका धरून पाहिला, तर बाकावर बसल्या बसल्या त्यांनी आमच्या दुकानाचेच गाणे रचले. त्यात मी रफीक, माझा भाऊ, चहा घेऊन आलेले शेजारचे चाचा, सगळे आलो. त्या संध्याकाळी ढोलकीबरोबर मीही हळदीला गेलो, तो अजून परतलेला नाही, असे माझ्या घरचे म्हणतात.

हळदीच्या गाण्यात घरातल्या प्रत्येकाचे नाव गुंफायची आमच्याकडे रीत आहे. एखादे राहिले की ते माणूस रुसते, आणि खानदेशी रुसवा शेवभाजीच्या रश्श्यापेक्षा तिखट असतो. अक्कांनी ही रीत मांडवातून मंचावर आणली. कापूस वेचणीचे गाणे असो की केळीच्या घडाचे, शब्द त्यांचे, चाल त्यांची, आणि प्रत्येकात त्या त्या गावच्या माणसांसाठी मोकळी जागा. कार्यक्रमाच्या गावी त्या दुपारीच पोचतात, ओट्यावर बसून चहा पितात, नावे विचारतात. आज जळगाव-धुळ्यात जत्रा असो वा महोत्सव, आधी अक्कांच्या तारखा विचारल्या जातात. दीपनगरच्या वीज केंद्रात तर इंजिनियर मंडळी आपले नाव गाण्यात यावे म्हणून लवकर येऊन पुढची रांग धरतात.

माझ्या मुलीच्या हळदीला त्या न बोलावता आल्या. बायकांत बसून आमच्या घरातल्या सगळ्यांची नावे घेतली, आणि शेवटी माझ्या पत्नीचे. ती जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. मी सर्वांदेखत रडलो, आणि त्या रडण्याची मला लाज वाटली नाही.

मध्यंतरी हे सारे थांबते की काय, अशी वेळ आली होती. एका तरुण आयोजकांनी अक्कांना हंगामभराचे कार्यक्रम देऊ केले, पण साथ रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकची. म्हणजे आम्ही साथीदार घरी. अक्का म्हणाल्या, "ट्रॅकले काय माहित, सामने कोन बशेल शे?" तरी एक कार्यक्रम करून पाहायचे ठरले. "रफीकभाऊ, ढोलकी घेऊन मंचावर बसा," एवढीच त्यांची अट.

कार्यक्रम दोंडाईचाला होता. ध्वनिव्यवस्थेच्या तपासणीत दुपार गेली, ओट्यावरचा चहा राहिला. गाणे सुरू झाले, मोजकी नावे घेऊन झाली, आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी काठी टेकत उभ्या राहिल्या. "बठ्ठासना नाव लिनात. मन्हं कोठे शे?" अक्का गाता गाता थांबल्या. "चुकनं, माय. सांग तुन्हं नाव." ट्रॅक मात्र कोणासाठी थांबणारा नव्हता. तो पुढे गेला आणि आपला आपण संपला. अक्कांनी माझ्याकडे पाहिले. मी ढोलकीवर थाप दिली आणि आजींचे नाव तीन कडव्यांत नाचले. मग रांगेमागून रांग उभी राहून आपापले नाव सांगू लागली. आजी आयोजकांच्या मातोश्री होत्या, हे आम्हांला नंतर कळले. त्या हंगामात ट्रॅकचा विषय पुन्हा निघाला नाही.

इतक्या वर्षांत अक्कांनी एकच नाव कधी घेतले नाही, ते स्वतःचे. गाणारणीने स्वतःला गाण्यात गुंफू नये, असे त्या सांगतात. अक्का, तुमचा शब्द आम्ही आजवर मोडला नाही, पण तुमच्या साठीच्या सोहळ्यात मोडणार आहोत. तुमचा गळा असाच खणखणीत राहो, मंचाच्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना कधी जड न वाटोत, आणि आमच्या नातवंडांच्या हळदीतही तुम्हीच नावे घ्या. त्या दिवशी मात्र तुम्ही पहिल्या रांगेत बसा. ठेका मी धरतो. म्हणायला बठ्ठा खानदेश आहे:

"हळद लागनी, मांडो भरना, वत्सलाअक्का येल शे."