पिंजऱ्यात घेतलेलं नाव

रविवारी गिरणीचा भोंगा वाजत नसे आणि मला त्या न वाजण्याचाच त्रास व्हायचा. बाकीचे सहा दिवस कोर्ट असे. अशिलं नव्हती, पण कोर्ट तरी होतं. वकिलांच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या डब्यातलं पान खाता यायचं, कुणी तरी कुणावर तरी चिडायचं, ते ऐकता यायचं. रविवारी काय? खाट, कंदील, कायद्याची सात पुस्तकं आणि मी. खानावळवालासुद्धा रविवारी एकच वेळ जेवायला घालायचा. म्हणून मी त्या मोफत सल्ल्याच्या खोलीत जायला लागलो. पुढे लोकांनी मला त्यावरून समाजसेवक वगैरे ठरवलं. कसली डोंबलाची समाजसेवा! मला बोलायला माणूस नव्हतं, एवढंच.

ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. खोली म्हणजे गिरणीच्या चाळींमागच्या एका तालमीची पुढची पडवी. सोलापुरातल्या एका वयस्क वकिलांनी ती मागून घेतली होती. एक सतरंजी, एक उतरतं मेज, दौत. दर रविवारी सकाळी दहापासून ज्याला कोर्टकचेरीचं काही विचारायचं असेल त्यानं यावं, फी नाही. येणारे यायचेही ढिगानं. मागावर बसणारे तेलुगू बोलणारे, त्यांचं निम्मं मला कळायचं नाही. टांगेवाले यायचे, त्यांची उर्दू आणि माझी उर्दू यांचं जन्मात जमलं नाही. खोली खाली कर म्हणून मालकानं सामान बाहेर टाकलेलं असायचं, नाही तर जमिनीच्या वाटणीचा कागद आणून कुणी म्हणायचं, ‘वाचा की वो, ह्यात काय लिवलंय?’

त्या वयस्क वकिलांचा एक नियम होता. माणूस जे सांगेल ते त्याच्याच बोलीत लिहून घ्यायचं आणि मोठ्यानं परत वाचून दाखवायचं. तो ‘व्हय, आसंच’ म्हणेपर्यंत सही-अंगठा घ्यायचा नाही. नियम चांगला होता. माझाच गोंधळ झाला तो त्या नियमातून, पण त्यात नियमाचा दोष नाही.

ती आली ती मावशीबरोबर. मावशी गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात होती आणि तिनंच हिला तिथं चिकटवलं होतं. सांगोल्याकडची धनगराची मुलगी, पंचविशीची असेल. तेव्हा आम्ही वकील असल्या बायकांना बेधडक अगं-तुगं करायचो. आज लिहिताना लाज वाटते, पण करायचो ते खरं.

तिच्यावर दावा झाला होता. नवऱ्यानं लावलेला, नांदायला यावं म्हणून. आणि तिचं म्हणणं असं की तो आता नवराच नाही. मूल होत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं पंचांसमोर काडी मोडली आणि तिला वाटेला लावलं. त्यांच्या जातीत तसा रिवाज होता. पंचांच्या मधे बसून नवऱ्यानं गवताची काडी दोन बोटांत धरून मोडली की संबंध तुटला, मग दोघंही मोकळे. आता त्याची म्हातारी अंथरुणाला खिळली, घरात भाकरी थापणारं कोणी उरलं नाही, आणि याला आठवण झाली. काडी मोडलीच नाही, बायको रुसून गेली, असं त्यानं अर्जात ठोकून दिलं.

‘पंच कुठायत?’ मी विचारलं.

‘योक मेला. दोगं त्येच्याच भावकीचं. आन् राह्यलेला म्हनतो, कोर्टाची पायरी न्हाय चडनार.’

म्हणजे राहिला तिचा शब्द आणि त्याचा शब्द. हरली तर कोर्टाचा हुकूम होणार, नांदायला जा.

‘आन् न्हाय गेलं तर?’

‘तुझं जे काही असेल त्यावर टाच येईल. भांडंकुंडं, सगळं. शिवाय गावकीत तू त्याचीच बायको ठरशील ती कायमची.’

ती म्हणाली, ‘वकीलसायेब, म्या तितं तीन वर्सं तोंड उघडलं न्हवतं. हितं बोलाया लागले. मला न्हाय जायाचं.’ एवढंच तिचं मागणं.

मी लिहून घ्यायला बसलो. नवऱ्याचं नाव विचारलं तशी तिनं मावशीला कोपर मारलं. मावशीनं नाव सांगितलं, मी लिहिलं. परत वाचताना ते नाव मीच वाचलं, ती मान हलवून म्हणाली, ‘व्हय, आसंच.’ सगळ्या बायका असंच करायच्या. माझ्या ते नजरेतसुद्धा आलं नाही.

नंतरचे चार-पाच रविवार ती मावशीबरोबर यायची आणि मी तिच्याकडून उलटतपासणीची तयारी करून घ्यायचो. खरं सांगायचं तर एवढी तयारी लागत नव्हती. त्या दोघी शेंगाची चटणी आणि भाकरी बांधून आणायच्या आणि मला देऊन जायच्या. मावशी विचारायची, ‘ग्वाड लागली का?’ आठवड्यात मला हा एवढा एकच प्रश्न कुणी विचारत असे, म्हणून मी तयारी लांबवत होतो. असो.

तारखेला ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट. कारकुनानं शपथ दिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, नाव काय, नवऱ्याचं नाव काय. पहिलं तिनं सांगितलं. दुसऱ्याला ती गप्प. मावशीकडे बघायला लागली, मावशी बसलेली पार मागच्या बाकावर. कोर्टात हे रोजचंच. बाई गप्प होते, वकील किंवा पट्टेवाला नाव सांगून मोकळा होतो, काम पुढे चालतं. मीही सवयीनं उठलो आणि हसून म्हणालो, ‘साहेब, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी सांगतो.’

आणि सांगितलं की!

समोरचे वकील जुने, मुरलेले. त्यांनी पगडी सारखी केली, सावकाश उठले. ‘साहेब, माझ्या विद्वान मित्रांचे आभार. काडीमोड झाला, हा माणूस हिचा नवरा नाही, अशी त्यांची कैफियत आहे. आणि आत्ता तेच म्हणाले, नवऱ्याचं नाव ही घेत नाही.’ मग तिच्याकडे वळून एकदम गोड आवाजात, ‘बाई, हा तुझा नवरा नाही ना? मग परक्या माणसाचं नाव घ्यायला कसली लाज? घे बरं.’

ती कठड्याकडे बघत राहिली. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मला अजून आठवतं. मग ते म्हणाले, ‘मधल्या सुट्टीनंतर बघू.’

बाहेर लिंबाखाली मी तिच्यावर तुटून पडलो. ‘अगं, त्यानं काडी मोडली ना? मग तो तुझा कोण?’

‘कोन न्हाय.’

‘मग घे की नाव!’

‘आवं, नाव घेतलं की त्या मानसाचं आयुष्य कमी हुतंय. त्येनं मला हाकललं, ते खरं. पन त्येचं वंगाळ व्हावं आसं म्या कंदी मनात आनलं न्हाय. मला फकस्त तितं जायाचं न्हाय.’

‘मग जा! थाप त्याच्या भाकऱ्या जन्मभर!’ मी ओरडलो. माणसं वळून बघायला लागली.

मावशी पुढं झाली. ‘तिच्यावर कशापायी आरडताय वो? चूक तुमची की. नवरा म्हनलं कोन? तुमीच.’

मी पारावर बसलो. थोड्या वेळानं ती शेजारी येऊन उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, ‘तुमच्या मालकीनबाई तुमचं नाव घेत्यात?’

‘नाही.’

‘हितंच आसत्यात?’

‘माहेरी गेलीय.’

‘कवा येनार?’

‘येईल,’ मी म्हणालो. दोन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत होतो. दिवाळीला म्हणून बायको गेली ती परत आलीच नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. माझे वडील पत्रातून लिहायचे, तू वकील ना, दे नोटीस, लाव दावा. मी म्हणायचो, येईल.

तिनं पुढे काही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग पदरानं घाम पुसून उठली. ‘चला,’ म्हणाली. ‘घेते. कुनाला उगं वाट बगत ठिवू न्हाय.’

दुपारी ती पुन्हा पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या वकिलांनी तोच प्रश्न त्याच गोडीनं विचारला. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला. जज्जसाहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे नाही. सरळ त्याच्याकडे पाहिलं. तो बाकावर बसला होता, खांद्यावर घोंगडं, मोठा दांडगा माणूस. आणि तिनं नाव घेतलं. आधी त्याचं, मग त्याच्या बापाचं, मग आडनाव. मोठ्यानं, स्वच्छ, हाक मारावी तसं. ते नाव मी इथं लिहिणार नाही, ते माझं नव्हे.

कोर्टात पंख्याची दोरी ओढणारा गडीसुद्धा थांबला. बाकावरचा तो माणूस कुणी मुस्काटात मारावी तसा बसल्या जागी हलला. उभा राहिला. त्याच्या वकिलांनी बाही धरून ओढली तरी बसेना.

‘सायेब,’ तो म्हणाला, ‘मोडली काडी. म्याच मोडली. ती खोटी न्हाय.’

त्याचे वकील कपाळाला हात लावून बसले. जज्जसाहेबांनी त्याचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्यानं ‘व्हय’ म्हणून अंगठा केला. दावा रद्द. मी जिंकलो म्हणायचं. माझा पहिला निकाल, आणि त्यात माझं काम काय, तर घोटाळा केला तेवढं.

ती बाहेर आली. आनंदली नाही, रडलीही नाही. कोर्टाच्या माठातलं पाणी घेऊन ओट्याच्या कडेला गेली आणि तिनं तीनदा चूळ भरली. मग येऊन माझ्या पायाला हात लावला. ‘येते वकीलसायेब,’ म्हणाली. मावशी म्हणाली, ‘जेवत जावा येळंवर.’ दोघी झपाझप निघून गेल्या, अर्ध्या दिवसाची हजेरी मिळाली तर बघायला. मला वाटलं होतं, येतील रविवारी. का येतील? काम झालं होतं. पुढच्या रविवारी मी उगीच दुपारपर्यंत बसून राहिलो, पण ते नंतरचं.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो माणूस एकटाच बसला होता. त्याचे वकील कधीच निघून गेले होते. मी बाजूनं उतरायला लागलो तसं त्यानं विचारलं, ‘सायेब, आता काय बी राह्यलं न्हाय न्हवं?’

‘अपील करता येतं,’ मी म्हणालो. वकिलाच्या तोंडून दुसरं काय येणार?

‘त्ये न्हाय वो.’ त्यानं मान हलवली. ‘लग्नात सगळ्या बाया मागं लागल्या, नाव घे, नाव घे. हिनं घेतलं न्हाय, लाजली. घरात बी कंदी न्हाय. मला आवो बी म्हनायची न्हाय, बांगड्या वाजवायची. मला वाटायचं, काडी मोडली तरी कुटंतरी आसंल थोडं. म्हनून दावा लावला. आज तिनं नाव घेतलं.’ त्यानं घोंगडं खांद्यावर ओढून घेतलं. ‘तवा कळलं, माजं तिच्यात काय बी न्हाय.’

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. बसायचं काही कारण नव्हतं, पण उठून जायला तरी कुठं होतं मला? आणि तिथं बसल्या बसल्या मला माझ्या बायकोचं कार्ड आठवलं.

गेल्या दोन वर्षांत तिचं एकच कार्ड आलं होतं. तीन ओळी. प्रकृती ठीक आहे, मामंजींना नमस्कार, काळजी नसावी. त्या तीन ओळी मी किती वेळा वाचल्या त्याला हिशेब नाही. ‘येते’ हा शब्द कुठं दडलाय का, म्हणून अक्षर अन् अक्षर चाळून काढलं होतं. दुसरी बाजू कोण वाचतो? तिकडे माझाच पत्ता. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती माहेराहून पत्र लिहायची तेव्हा पत्ता नेहमी तिच्या भावाच्या हातचा असे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही तसं लिहायचंही नाही, असं तिचं होतं. मी त्यावरून तिची थट्टाही केली होती.

त्या कार्डावरचा पत्ता तिच्या हातचा होता. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वकील, सोलापूर. ठसठशीत, न थरथरता लिहिलेलं.

ती येणार नव्हती. तिनं तसं कळवलंही होतं, आणि मी दोन वर्षं चुकीच्या बाजूला शोधत बसलो होतो. ऊन पायऱ्यांवरून खाली सरकलं. त्या माणसानं कमरेची चंची सोडली आणि तंबाखू मळून माझ्यापुढे धरली. मी तंबाखू खात नसे. घेतली.