लिंडनर आजोबांची दारू

रोज सकाळी आठला लिंडनर आजोबा आमच्या बाल्कनीखाली येऊन उभे राहत, टोपी काढत आणि मान वर करून विचारत, “फ्राऊ जाधव, वी फील?” म्हणजे किती? बाल्कनीच्या कठड्याला त्यांचं थर्मामीटर बांधलेलं होतं. त्यांच्या तळमजल्यावर सकाळचं ऊन थेट येई. आमची बाल्कनी सावलीतली. म्हणून माझ्या मुलाला, नितीनला विचारून त्यांनी ते आमच्याकडे लावलं होतं. नितीन आणि सूनबाई लवकर कामाला जात. आकडा वाचायचं काम माझ्याकडे आलं.

मी मुळात लाजाळू. जर्मनीत नेकारसुल्मला येऊन तीन वर्षं झाली तरी दुकानात बोट दाखवूनच वस्तू घेत असे. पहिल्यांदा आजोबांनाही मी बोटंच दाखवली. त्यांनी मान हलवली आणि कानाला हात लावून उभे राहिले. आवाज येईपर्यंत हलले नाहीत. जर्मन आकडे मी त्यांच्याकडूनच शिकले. नितीन अजूनही एकवीस म्हणताना अडखळतो, कारण त्याच्या डोक्यात इंग्रजी. मला सोपं गेलं. आपण आधी एक म्हणतो, मग वीस. तेही तसंच म्हणतात. मी बरोबर बोलले की ते बोट वर करत, “गेनाऊ!” अगदी बरोबर. दुसऱ्या कुणी मला एवढ्या वेळा बरोबर म्हटलेलं नाही.

तापमान त्यांना कशाला लागतं, हे एका शनिवारी कळलं. मला आणि माझ्या नातीला, ईराला, त्यांनी तळघरात नेलं. दोन कुलपांचं लोखंडी कपाट, टेबल आणि छोटासा तराजू. वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साफ करून त्यांत ते स्वतः दारू भरत, वर गोळी बसवत आणि नेमबाजीच्या मैदानावर जाऊन कागदाच्या चकतीवर मारत. सरकारी परवाना होता. हात वयाने थरथरायचे; पण दारू मोजताना कोपर टेबलाला टेकवून, श्वास रोखून ते एकेक कण चिमट्याने उचलत.

“पुल्वर थंडीत झोपतं आणि उन्हात चिडतं,” ते म्हणाले. पुल्वर म्हणजे ही दारू. ईराने अर्ध्या मराठीत, अर्ध्या जर्मनमध्ये मला समजावलं. तेवढीच दारू, तीच गोळी; पण उन्हाळ्यात ती जोरात जाते आणि हिवाळ्यात मलूल होऊन चकतीवर खाली लागते. तापलेल्या गाडीत काडतुसं राहिली तर आतला दाब इतका वाढू शकतो की बंदुकीलाच धोका. उन्हाळा-हिवाळा सारखी वागेल अशी दारू ते चाळीस वर्षं शोधत होते. एका जाड वहीत प्रत्येक तापमानाला एक पान होतं. उणे दहाच्या खालचं पान तेवढं कोरं होतं. आमच्या या खोऱ्यात द्राक्षं पिकतात, एवढी थंडी सहसा पडत नाही.

माझे वडील दगडाच्या खाणीत सुरुंगाला दारू भरत. चौथीनंतर मीही तिथेच खडी फोडली. उन्हाळ्यात वडील दारूचा डबा ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवत आणि म्हणत, “तिचं डोकं थंड असलं तर आपलं जागेवर राहील.” हे ईराने आजोबांना सांगितलं. ते उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “कोलेगिन!” म्हणजे त्यांच्याच धंद्यातली. मग त्यांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

घरी येऊन मी नितीनला म्हटलं, “आजोबा काय सुंदर दारू मोजतात रे!”

“आई, तूही त्यांच्याबरोबर बसायला लागलीस की काय?” सगळे हसले, मीही हसले. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये परवान्याच्या कार्यालयातून एक बाई आल्या. म्हाताऱ्याचे हात थरथरतात, तो पीत असणार, असं कुणीतरी कळवलं होतं. घरात मी एकटी. बाईंनी फोन पुढे धरला. जर्मन बोललं की त्यातून मराठी आवाज येई, मराठी बोललं की जर्मन. “तुमचे शेजारी मद्यपान करतात का?” फोनने विचारलं. आजोबांसाठी बोलायलाच हवं होतं. मी म्हणाले, “छे! किती शिस्तीचा माणूस. रोज सकाळी तळघरात बसून दारू मोजतात. थोडीसुद्धा सांडू देत नाहीत.”

फोन जर्मनमध्ये बोलला. बाईंनी लिहून घेतलं, हात मिळवला, आभार मानले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. संध्याकाळी शिरा केला.

डिसेंबरात दोन माणसं आली आणि कपाटातलं सगळं घेऊन गेली. आजोबांनी आलेलं पत्र आणून ईराला दाखवलं. ती वाचत असताना मला एकच शब्द कळला, आल्कोहोल. कुणा शेजारणीने सांगितलं होतं म्हणे, रोज सकाळी तळघरात. आजोबा माझ्याकडे वळून बोलले, ईराने ते मराठीत सांगितलं. “असं कोण सांगेल, फ्राऊ जाधव? तुम्ही तर मला रोज बघता.”

संध्याकाळी नितीन आल्यावर मी त्याला त्या बाईंचं आणि फोनचं सांगितलं.

नितीनने डोक्याला हात लावला. “आई, तू दारू म्हणालीस?”

“मग काय म्हणू? दारूला दारूच म्हणतात.”

“अगं, मशीनला काय कळणार कुठली दारू!”

त्याने कार्यालयाला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं, प्रकरण तपासात आहे. “ते मिटेपर्यंत आजोबांना सांगू नकोस,” तो म्हणाला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही किळस येते. रोज आठला ते खाली येत, टोपी काढत. मी आकडा सांगत असे. एकही दिवस मी दुसरं काही सांगितलं नाही.

जानेवारीत थंडी पडली. उणे सात, उणे नऊ. मग एका सकाळी उणे अकरा. चाळीस वर्षं ज्या सकाळची वाट पाहिली ती आली होती आणि कपाट रिकामं होतं. आजोबा वही छातीशी धरून बाल्कनीखाली उभे होते. आकडा सांगून झाला तरी हलेनात. तीन दिवस थंडी तशीच होती आणि तीनही दिवस ते तसेच उभे राहिले. मी वरून हात जोडले, आत जा म्हणून खुणा केल्या. चौथ्या दिवशी आठ वाजले आणि खाली कुणी नव्हतं. दार नितीनने उघडून घेतलं. न्यूमोनिया.

इस्पितळात मला आत सोडून नितीन गाडी लावायला गेला. आजोबांच्या नाकाला नळी होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागले. बाई आली ते, फोन, खाण, वडील, शिरा केला तेसुद्धा. “मीच ती शेजारीण,” मी म्हणाले. “तुमचं भलं करायला गेले आणि तुमचं सगळं घालवलं.” जन्मात एवढं कुणाशी बोलले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते, मी आकडा सांगताना बघत तसे. माझं संपलं तेव्हा त्यांनी चादरीवरचं बोट थोडंसं उचललं.

“गेनाऊ,” ते म्हणाले. मग खिडकीकडे बघून अगदी हळू, “वी फील?”

“मीनुस एल्फ,” मी सांगितलं, उणे अकरा. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांना कळलं असेल तर तेवढंच. बाकी सगळं मी मराठीत सांगितलं होतं.