वादळानंतरची चराईबंदी

लग्नानंतर मी पिपरी मेघ्याहून थेट गिरडकडच्या जंगलात आले. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. हे वनरक्षक होते. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, छपराला मातीचे कवेलू आणि तिन्ही बाजूंनी सागवान. चौथीकडे गावात जाणारी गाडवाट. हे सकाळी राउंडला निघाले की दिवसभर माणसाचा आवाज नाही. माहेरी दारात उभं राहिलं की शेजारणी हाका मारायच्या. इथे मी चुलीवरच्या भाताशी बोलायला लागले होते. जंगलात फिरायला हे मनाई करायचे, गावात गेलं तर बाया बोलता बोलता गप्प व्हायच्या. गार्डाची बायको म्हणजे अर्धा गार्डच.

एक बाई तेवढी रोज क्वार्टरसमोरून शेळ्या घेऊन जायची. नवरा वारलेला, पोरगी सासरी. मला पाहिलं की पदर पुढे ओढून भराभर निघून जायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी आभाळ एकदम पिवळं पडलं. वारा सुटला तसं कोणीतरी दार बडवलं.

"अवो बाई, उघडा! वावधान आलं!"

तीच होती. दोन्ही काखांत एकेक पिलू. मी तिला आत ओढलं आणि कडी लावली. त्यानंतर नुसती कडकड ऐकू येत होती. एक सागवान मागच्या खोलीवर पडलं, कवेलू कोसळले. दुसरं समोरच्या ओसरीवर आडवं झालं. वारा थांबल्यावर दार उघडायला गेले तर ते हलेना. खिडकीला लोखंडी गज. फटीतून फक्त पाला दिसत होता.

"माह्या शेळ्या बाहेर हायेत वो," ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. पिलं चुलीजवळ ओरडत होती. पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "तुम्हाले भेव नाई वाटत, इथं एकटीले?"

"वाटते. कोंडल्यासारखं वाटते."

"मंग सांगता कोणाले?"

"कोणालेच नाई."

ती सरकून माझ्या बाजूला येऊन बसली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बाहेरून कुऱ्हाडींचे घाव ऐकू आले. यांनी गावातली माणसं आणली होती. आम्ही बाहेर आलो आणि मला गिरडच्या टेकडीवरचा दर्गा दिसला. आमच्या दारातून तो दिसू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मधलं जंगल झोपलं होतं. काही झाडं मुळासकट उपटलेली, काही कंबरेतून मोडलेली. तिच्या दोन शेळ्या एका बुंध्याखाली मेल्या होत्या.

खरी कोंडी त्यानंतर सुरू झाली. पडलेल्या लाकडाला वनखात्याच्या शिक्क्याचा हातोडा बसल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम. गावात घरांची छपरं उडालेली. माणसं आमच्या अंगणात येऊन उभी राहायची.

"तुमचं लाकूड सडून राह्यलं अन् आमची घरं उघडी पडून राह्यली, साहेब."

हे खाली मान घालून ऐकायचे. वरचा हुकूम येत नव्हता आणि खालचे लोक हटत नव्हते. यांचं जेवण तुटलं. मी ताट वाढायची आणि तसंच उचलायची.

शेवटी हुकूम आला. जाड लाकूड डेपोत, फांद्या आणि फाटलेले तुकडे वन समितीमार्फत गावाला. समितीत बाया हव्या होत्या म्हणून तिला घेतलं, मलाही घेतलं. पावसाआधी मोडके खुंट जमिनीलगत तिरपे कापले, म्हणजे पाणी साचत नाही आणि फुटवे जोमानं येतात. अर्धीमुर्धी जिवंत असलेली जुनी झाडं बियांसाठी आणि पाखरांसाठी तशीच ठेवली. पावसात खुंटाखुंटावर कोंब आले. आणि चराईबंदीची बैठक लागली.

सागाला शेळी फारसं तोंड लावत नाही, पण धावडा, खैर, बोर सोडत नाही. बंदी हवीच होती. मी हात वर केला. परतताना ती वाटेत थांबली.

"तुम्हाले इथं कोंडल्यासारखं वाटते, हे तुम्हीच सांगतलं होतं. मंग मले काऊन कोंडता? मी शेळ्या कुठं नेऊ, चुलीत?"

 बंदी चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या आठवड्यात तिनं तीन शेळ्या बाजारात विकल्या आणि माझ्या दारावरून जाणं सोडलं.

पुढच्या बैठकीत मी उठले. सगळं जंगल एकदम बंद करू नका, म्हटलं. तुकडे पाडा, एक बंद तर दुसरा उघडा, आणि बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायला मोकळीक द्या. बैठक तापली. घरी आल्यावर हे म्हणाले, "तू गार्डाची बायको आहेस, एवढं तरी ध्यानात ठेव."

"म्हणूनच बोलले. गावातल्यांच्या शिव्या मलेच ऐकू येतात."

दोन बैठका वाद झाला, मग ते मान्य झालं. ती डोक्यावर गवताचे भारे आणू लागली. तिची मान दुखायची, मला पाहून ती मुद्दाम मोठ्यानं कण्हायची. पण वाट पुन्हा आमच्या दारावरूनच धरली. यांच्या बदलीचे अर्ज दरवर्षी जायचे आणि दरवर्षी मी त्याच खिडकीच्या गजांना धरून उभी असायची.

पहिला बंद तुकडा उघडला तोवर नवं शतक लागलं होतं. दर खुंटावर एकच सरळ फुटवा राखून बाकीचे छाटले होते, राखलेले माणसाच्या दुप्पट उंच झाले होते. ती शेळ्या घेऊन आली आणि दारात थांबली.

"येता काय?"

इतकी वर्षं त्या जंगलाच्या कुशीत राहून मी आत कधी गेले नव्हते. चपला घातल्या आणि निघाले. आत धावडा दाट माजला होता, चार पावलांवरची शेळी दिसत नव्हती, नुसता पाला हलायचा. मी मागे वळून पाहिलं तर आलेली वाटही दिसेना.

"इथून बाहेर कसं पडायचं वो?" मी विचारलं.

"आत्ताच तं आलो," ती म्हणाली आणि फांदी वाकवून धरत मला पुढे जाऊ दिलं.