तक्रार न करणारी माणसं

धाकटीचा आजही रात्री नऊला मेसेज आला. 'ठीक आहे. जेवले.' आज सहावा दिवस, आणि शब्दसुद्धा तेच. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. हातातलं पुस्तक बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

ती भित्री कधीच नव्हती, पण सावध फार. आम्ही घर बदललं तेव्हा आठ वर्षांची होती. सगळं सामान एकदम ट्रकमध्ये चढवायला तिचा कडाडून विरोध. आधी पुस्तकांचं एक खोकं नव्या घरी ठेवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी ते जागेवर आहे ना, हे बघून आली. थोरला अजून चिडवतो, "हिचं लग्नसुद्धा हप्त्याहप्त्याने होणार. आधी एक टक्का नवरा!"

कामही तिला तसंच मिळालं. डायलिसिसच्या रुग्णांना घरून दवाखान्यात नेणाऱ्या गाड्यांची एक सेवा आहे. कुठली गाडी कधी कुणाच्या दारात जाईल, हे तिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवतं. जुनं सॉफ्टवेअर बारा वर्षांचं, सारखं कुरकुरणारं. चार हजार रुग्ण नव्यावर न्यायचे, पण टप्प्याटप्प्याने. ती आखणी धाकटीकडे आली. सुटीत घरी आली तेव्हा मी वाटाणे सोलत होते, तर तिने तेच पुढे ओढून मला समजावलं.

"हे शंभर जुन्या वाटीत. त्यातला एक नव्या वाटीत टाकायचा. तीन दिवस बघायचं. काही बिघडलं नाही तर पाच, मग पंचवीस, मग सगळे."

"आणि बिघडलं तर?"

"दहा मिनिटांत सगळे परत जुन्या वाटीत. ती सोय झाल्याशिवाय मी पहिला वाटाणा हलवणारच नाही."

"आणि तोवर आम्ही उपाशी," तिचे बाबा म्हणाले. किती हसली होती त्या दिवशी.

पहिला एक टक्का कोण, हे ठरवायचं होतं. साहेब म्हणाले, "जे कमी ओरडतात ते घे." धाकटीने वर्षभरात एकही तक्रार न केलेले चाळीस जण निवडले. तिलाही ते पटलं होतं, हे ती लपवत नाही. तीन दिवस गेले. एक तक्रार नाही, पडद्यावर सगळं हिरवंगार. साहेब म्हणाले, "कुणाची तक्रार नाही ना? मग चला पुढे."

पण तक्रार फक्त मोबाइलवरून करता यायची. त्या चाळिसांतल्या अकरा जणांकडे मोबाइलच नव्हता, घरातला साधा फोन तेवढा. म्हणूनच तर त्यांची कधी तक्रार नव्हती. आणि मोबाइल नंबर नसलेलं नाव नवं सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या यादीत चढवतच नव्हतं. चूक म्हणून दाखवतही नव्हतं, मुकाट्याने गाळत होतं. चाचणीसाठी जी खोटी नावं घातली होती, त्या सगळ्यांपुढे मोबाइल नंबर होते.

दहा जण कुणाच्या तरी गाडीने कसेबसे पोचले. अकरावे एक निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीत बसून राहिले. दवाखान्यातून फोन आला तर म्हणाले, "गाडी येतेच आहे." डायलिसिसची एक पाळी चुकली, मग दुसरी. शेजारणीने पाहिलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते.

धाकटीने दहा मिनिटांत सगळे परत जुन्यावर आणले. सोय चोख चालली. शिक्षक मात्र अतिदक्षता विभागात आहेत.

हे सगळं तिने त्याच दिवशी मला फोनवर सांगितलं, एखादा अहवाल वाचावा तशा आवाजात. शेवटी म्हणाली, "आई, यादी मी केली होती."

मी लगेच म्हटलं, "तू कशाला मनाला लावून घेतेस? साहेबांनी सांगितलं, तू केलंस. जेव बघू आधी."

"ठीक आहे," ती म्हणाली. तेव्हापासून रोज मला हेच दोन शब्द येतायत, आणि जेवल्याची वर्दी.

काल थोरल्याकडून कळलं, ती रोज संध्याकाळी त्या विभागाबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. कुणी हटकलं तर नात आहे म्हणते. आज त्याचा पुन्हा फोन आला, तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलंय, आता फार आशा धरू नका. हे संध्याकाळी. आणि रात्री नऊला, 'ठीक आहे. जेवले.'

लहानपणी तापाने फणफणली तरी कण्हायची नाही ही पोरगी. हिचा काही त्रासच नाही हो, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे.

मघाशी तिचे बाबा कूस बदलत म्हणाले, "मेसेज येतोय ना रोज? मग झोप आता."

"तिचे साहेबही असंच म्हणाले होते," मी म्हटलं. ते उठून बसले.

साडेबारा झालेत. झोपली असेल तर उठेल, चिडेल. चिडू दे. जेवलीस का, असं विचारणार नाही. ती यादी कशी केलीस, ते पहिल्यापासून सांग म्हणणार आहे, आणि तिचं बोलून होईपर्यंत तोंड उघडणार नाही. हे लिहिणं इथेच ठेवून तिला फोन लावते.