दारावरची बारीक अक्षरं

आईच्या दारावर नवी पाटी लागली आहे. बाबा होते तोवर तिथे त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, जाड आणि करड्या आवाजाच्या अक्षरांची. आता नुसतं 'वत्सला ठोंबरे', आणि तेही अशा अक्षरांत की कुणी बारीक तार वाकवून केली असावीत. कुठे जाडी नाही, कुठे टोक नाही. आडनावातला ठ तर कंपासने काढल्यासारखा वाटोळा.

ही अक्षरं आधी कुठे पाहिली, ते आठवत उभा राहिलो. बाळाच्या पावडरीच्या डब्यावर, बारशाच्या पत्रिकेवर, महागड्या कॉफीच्या दुकानावर. 'येथे गाडी लावू नये' मात्र या अक्षरांत कधी दिसलं नाही, आणि निवडणुकीतल्या उमेदवाराचं नावही नाही. दरडावायला जाड अक्षरच लागतं की काय? की जाड अक्षर दिसलं, की आपणच आधी दबकतो?

"आई, जिन्यावरून काही वाचता येत नाही गं. जरा ठळक घ्यायचीस."

तिने पदराने पाटी पुसली. "दुकानदारही तेच म्हणाला. पण मला हीच आवडली. ज्याला वाचायचंय तो येईल की जवळ."

इतकी वर्षं मी या दाराची बेल पाटी न वाचताच दाबत आलो. आज निघताना चपला घातल्या आणि परत वळलो. दाराला नाक लागेल इतका जवळ गेलो.

"काय रे, काही राहिलं का?" आतून आईने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "वाचतोय."